एनएफएलची फ्री एजन्सी कशी वाचावी: मोठा आकडा बाजूला ठेवा, हमी बघा

११ मार्च २०२४, सोमवार. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या जायंट्स संघावर जीव लावलेल्या आम्हा सगळ्यांना तो दिवस नीट आठवतो. संघाच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी मैदान इथेच, ईस्ट रदरफोर्डला. दुपारी बातमी आली की आमचा सेक्वॉन बार्कली फिलाडेल्फिया ईगल्सकडे चालला. ईगल्स म्हणजे आमच्याच गटातले, वर्षातून दोनदा समोर येणारे. पुढच्या हंगामात तो २,००५ यार्ड धावला आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला.

त्या आठवड्यात पुण्याहून भावाचा फोन आला होता. त्याने विचारलं, "कितीला विकला?" आयपीएल बघत मोठ्या झालेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार. पण बार्कलीला कोणी विकलं नव्हतं, लिलाव झाला नव्हता आणि जायंट्सना एक डॉलरही मिळाला नव्हता. भावाला सगळं समजवायला दीड तास लागला. हा लेख त्या फोनवरून सुचला. अमेरिकन फुटबॉल नुकताच बघायला लागला असाल आणि मार्चमधल्या बातम्यांचा पूर डोक्यावरून जात असेल, तर या क्रमाने चला.

पहिली पायरी: खेळाडू कुठल्या वाटेने आला ते ओळखा

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. खेळाडू संघात येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. कॉलेजमधून येणारा ड्राफ्टमधून येतो. एप्रिलमध्ये सात फेऱ्या होतात आणि संघ आपापल्या क्रमाने निवड करतात. ज्याचा करार संपलाय तो फ्री एजंट, तो स्वतःच्या मर्जीने जातो. आणि ज्याचा करार चालू आहे त्याची दोन संघ अदलाबदल करतात, तो ट्रेड. फ्री एजंटसाठी जुन्या संघाला काही द्यावं लागत नाही. ट्रेडमध्ये मात्र मोबदला लागतो, आणि तो बहुधा दुसरा खेळाडू किंवा पुढच्या ड्राफ्टमधली निवड, म्हणजे पिक, अशा रूपात असतो. रोख रक्कम मोजून खेळाडू नेण्याची युरोपातल्या फुटबॉलसारखी पद्धत इथे नाही.

चौथी एक छोटी वाट आहे, वेव्हर्सची. चार हंगामांपेक्षा कमी अनुभवाच्या खेळाडूला काढलं तर तो लगेच मोकळा होत नाही. आधी बाकीच्या संघांना ठरलेल्या क्रमाने त्याच्यावर हक्क सांगता येतो. नवख्याने सध्या एवढंच लक्षात ठेवावं.

दुसरी पायरी: तो खरोखर मोकळा आहे का?

इथे बार्कलीचाच प्रवास बघा, सगळे नियम त्यात आले आहेत.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम निवडीच्या क्रमावरून जवळजवळ ठरलेलीच असते, घासाघीस फारशी नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्याला संघ पाचव्या वर्षासाठीही अडवून ठेवू शकतो. जायंट्सनी तेही केलं, म्हणून २०२२ उजाडलं. पाच वर्षं झाली, आता तरी मोकळा? नाही. २०२३ च्या मार्चमध्ये संघाने त्याच्यावर फ्रँचाइज टॅग लावला.

टॅग म्हणजे संघाच्या हातातला एक हुकमी पत्ता, दर वर्षी एकाच खेळाडूवर वापरता येणारा. 'तुझा करार संपलाय, पण आणखी एक वर्ष थांब, त्या जागेवरच्या सर्वांत महाग खेळाडूंच्या हिशोबाने ठरणारा पगार घे.' एका वर्षासाठी पैसा चांगला असतो, पण लांबचा भरवसा नसतो. बार्कली रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणारा. या जागेवर शरीर फार लवकर झिजतं. अशा माणसाला एका वर्षाचा करार देणं म्हणजे दुखापतीची सगळी जोखीम त्याच्याच डोक्यावर ठेवणं. टॅग लागलेल्याशी लांबचा करार करायला जुलैच्या मध्यापर्यंत मुदत असते. ती उलटून गेली. तो एका वर्षाच्या करारावर खेळला. २०२४ मध्ये जायंट्सनी पुन्हा टॅग लावला नाही आणि सहा हंगामांनंतर तो पहिल्यांदा मनाप्रमाणे संघ निवडू शकला. जायंट्सचा चाहता असूनही मी त्याला दोष देत नाही.

टॅगला खेळाडू वेगवेगळी उत्तरं देतात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा लेव्हिऑन बेल २०१८ चा पूर्ण हंगाम घरी बसला, त्याने सही केलीच नाही. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, कर्क कझिन्स २०१६ आणि २०१७ असे दोन्ही टॅग शांतपणे खेळला. दुसऱ्या वेळी रक्कम किमान २० टक्क्यांनी वाढते. मग २०१८ मध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्सकडे गेला, तीन वर्षं, ८.४ कोटी डॉलर, पै न पै हमीची.

हंगाम मोजण्याचा नियमही माहीत हवा. नियमित हंगामातल्या किमान सहा सामन्यांच्या काळात पूर्ण पगारावर असलेल्याचा एक हंगाम धरला जातो. असे चार भरले आणि करार संपला की खेळाडू पूर्ण मोकळा. तीन भरले असतील तर तो मर्यादित अर्थाने मोकळा असतो. दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेला जुना संघ तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवू शकतो. आयपीएलच्या लिलावातलं राइट टू मॅच कार्ड आठवा, कल्पना तीच आहे.

हा हक्क खेळाडूंना कोणी सहज दिलेला नाही. करार संपला तरी जुन्या संघाची पकड सुटत नसे. त्याविरुद्ध खेळाडू कोर्टात गेले आणि लढल्यावर १९९३ मध्ये आजच्या स्वरूपातली फ्री एजन्सी आली. कोर्टातल्या एका दाव्यावर बचावपटू रेजी व्हाइटचं नाव होतं. त्याच वर्षी तो चार वर्षांच्या, १.७ कोटी डॉलरच्या करारावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सनी सुपर बोल जिंकला, तेव्हा त्या सामन्यात व्हाइटने समोरच्या क्वार्टरबॅकला तीनदा चेंडूसकट लोळवलं होतं.

तिसरी पायरी: घड्याळ लावा

एनएफएलचं आर्थिक वर्ष मार्चच्या मध्यात, एका बुधवारी, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी चारला सुरू होतं. तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. पण खरी धावपळ त्याआधीच्या सोमवारी न्यूयॉर्कच्या दुपारी बाराला, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला सुरू होते. त्या क्षणापासून दुसऱ्या संघांना खेळाडूच्या एजंटशी बोलायची परवानगी मिळते. सही मात्र बुधवारीच. पुण्यात किंवा पणजीत बसून बघणाऱ्याने सोमवारची रात्र राखून ठेवावी. जेवण उरकून बसलात की पहिल्या दोन तासांत मोठी नावं ठरून जातात.

सोमवारी दुपारी बारा वाजून दोन मिनिटांनी एवढे मोठे करार कसे ठरतात, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. आधीपासून कुजबुज चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हद्द ओलांडली तर शिक्षा होते. कझिन्स २०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सकडे गेला त्या प्रकरणात फाल्कन्सना पाचव्या फेरीचा पिक आणि अडीच लाख डॉलर दंड भरावा लागला.

चौथी पायरी: करार वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

प्रत्येक संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात, बोलताना नुसतं कॅप. १९९४ मध्ये ती ३.४६ कोटी डॉलर होती, २०२५ मध्ये २७.९२ कोटी. बहुतेक वर्षी ती वाढतेच. कोविडनंतर २०२१ मध्ये मात्र १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर आली होती आणि तेव्हा किती तरी चांगल्या खेळाडूंना केवळ हिशोब बसत नाही म्हणून काढावं लागलं. मालक कितीही श्रीमंत असला तरी ही रेषा ओलांडता येत नाही. म्हणून ग्रीन बेसारख्या छोट्या गावातला संघ न्यूयॉर्कच्या संघाला भारी पडू शकतो, आणि मला या लीगबद्दल सर्वांत जास्त प्रेम याच गोष्टीमुळे आहे.

आता एक काल्पनिक करार घ्या, कागद-पेन घेऊनच बसा. चार वर्षं, एकूण ४ कोटी डॉलर. मथळा म्हणेल 'वर्षाला १ कोटी'. आत उघडून बघितलं तर असं असतं: सही करताना १.६ कोटी बोनस. पगार पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या वर्षी ४० लाख, तिसऱ्या वर्षी ८० लाख, चौथ्या वर्षी १ कोटी.

बोनसचे पैसे खेळाडूच्या खिशात लवकर जातात, पण कॅपच्या वहीत ते करारातल्या वर्षांवर सारखे वाटले जातात, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. इथे दर वर्षी ४० लाख. म्हणजे कॅपवरचा बोजा पहिल्या वर्षी ६० लाख, मग ८० लाख, मग १ कोटी २० लाख, शेवटी १ कोटी ४० लाख. पहिल्या वर्षी 'कोटीचा खेळाडू' संघाला वहीत साठ लाखांनाच पडला! संघाकडे जागाच नव्हती, मग एवढा मोठा खेळाडू घेतला कसा, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. बोजा पुढे ढकलला.

आता समजा दोन वर्षांनी संघाने त्याला काढलं. खेळाडूला मिळाले २.२ कोटी. उरलेले १.८ कोटी हमीचे नसतील तर ते कागदावरच राहिले. म्हणून एकूण आकड्याकडे बघून हरखून जाऊ नका. सहीच्या दिवशी पक्की हमी किती, एवढा एकच आकडा शोधा. बार्कलीचा ईगल्सशी करार ३ कोटी ७७ लाख ५० हजारांचा होता, त्यातले २.६ कोटी हमीचे. रनिंग बॅकसाठी ही मोठी हमी होती, आणि ईगल्सना तो किती हवा होता हे त्यावरूनच कळत होतं.

पण संघही पूर्ण सुटत नाही. बोनसचे वहीत अजून न मांडलेले ८० लाख आता एकदम मांडावे लागतात. हा डेड मनी. माणूस गेला, बोजा राहिला. तिसऱ्या वर्षी तो असता तर १.२० कोटी लागले असते, काढल्यावर ८० लाख लागले, म्हणजे त्या वर्षी जागा मोकळी झाली फक्त ४० लाखांची. १ जूननंतर काढलं तर हा डेड मनी दोन वर्षांत विभागता येतो, ४० या वर्षी आणि ४० पुढच्या. मार्चमध्येच काढून जूनची सवलत घेण्याची मुभा प्रत्येक संघाला दोन खेळाडूंपुरती असते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात काही संघांकडे अचानक पैसा आलेला दिसतो.

याचं मोठं उदाहरण रसेल विल्सन. डेन्व्हर ब्रॉन्कोसनी २०२२ मध्ये त्याला सिॲटल सीहॉक्सकडून ट्रेडने आणलं आणि एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. तो वाढीव काळ २०२४ पासून सुरू व्हायचा होता. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे वाढीव काळाच्या पहिल्या हंगामाआधीच, त्याला काढलं. डेड मनी ८.५ कोटी, दोन वर्षांत मिळून, तोवरचा विक्रम. विल्सन स्टीलर्सकडे गेला तो किमान वेतनावर, १२ लाख १० हजारांवर. हमीच्या पगारातली बाकीची रक्कम डेन्व्हरच भरत होतं. तरीही त्याच हंगामात डेन्व्हर प्लेऑफला पोहोचलं, कारण नव्याने निवडलेला क्वार्टरबॅक बो निक्स ड्राफ्टच्या स्वस्त करारावर होता. क्वार्टरबॅक स्वस्त असला की संघाच्या बऱ्याच चुका पोटात मावतात.

पाचवी पायरी: ट्रेड तोलून बघा

आपल्या काल्पनिक खेळाडूकडे परत या. दोन वर्षांनी त्याला काढण्याऐवजी ट्रेड केलं तर? ८० लाखांचा डेड मनी जुन्याच संघाकडे राहतो. नव्या संघाच्या वहीत येतो तो फक्त पगार, तिसऱ्या वर्षी ८० लाख आणि चौथ्या वर्षी १ कोटी. बोनस आधीच कोणीतरी देऊन टाकलेला असतो. म्हणून ट्रेडने आलेला खेळाडू नव्या संघाला कितीदा तरी स्वस्त पडतो. मात्र मोठा खेळाडू सहसा येता येताच नवा करार मागतो, तेव्हा ट्रेडची बातमी आली की त्याच्या मागोमाग येणारी कराराची बातमीही वाचा.

ऑगस्ट २०२५ मधला मायका पार्सन्सचा ट्रेड असाच. डॅलस काउबॉइजनी त्याला पॅकर्सकडे पाठवलं, बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक आणि केनी क्लार्क हा खेळाडू घेतला. पॅकर्सनी लगेच चार वर्षांचा, १८.८ कोटींचा करार दिला, क्वार्टरबॅक सोडून कुणालाही तोवर वर्षाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. म्हणजे पॅकर्सनी किंमत दोनदा मोजली, एकदा पिकमध्ये आणि एकदा कॅपमध्ये. दोन्ही धरूनच तो सौदा तोलायचा.

ट्रेडमध्ये 'कोण जिंकलं' हे त्याच दिवशी सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मार्च २०२२ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सकडे दिलं आणि पाच पिक घेतले. मैदानावरचा सर्वांत वेगवान खेळाडू देऊन टाकला म्हणून हळहळ झाली. चीफ्सनी त्यातला पहिल्या फेरीचा पिक वापरून ड्राफ्टमध्ये वर सरकत ट्रेंट मॅकडफी घेतला, हिलला द्यावा लागला असता तो पैसा वाचवला आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. त्याहून जुनी गोष्ट १९८९ ची. काउबॉइजनी हर्शेल वॉकरला व्हायकिंग्सकडे दिलं. त्या हंगामात डॅलसने एकच सामना जिंकला होता. मिळालेल्या पिकांच्या जोरावर एमिट स्मिथसारखे खेळाडू आले आणि नव्वदच्या दशकात तीन सुपर बोल.

काही पिक अटींवर ठरतात. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे आला तेव्हा पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक असा ठरला होता की, त्याने संघाच्या ६५ टक्के चालींत भाग घेतला तर तो पहिल्या फेरीचा होईल. पहिल्याच सामन्यात चौथ्या चालीला त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पिक दुसऱ्या फेरीचाच राहिला.

ट्रेडची दारं नव्या आर्थिक वर्षाबरोबर मार्चमध्ये उघडतात आणि हंगामाच्या नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी बंद होतात. तो मंगळवार बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो.

सहावी पायरी: बातमी पक्की कधी मानायची

सोमवारी ठरतं ते तोंडी. सही आणि वैद्यकीय तपासणी होईपर्यंत काहीही बदलू शकतं. २०१९ मध्ये अँथनी बार जेट्सकडे निघाला होता, मग मन बदलून व्हायकिंग्सकडेच राहिला. २०२२ मध्ये रँडी ग्रेगरी परत आल्याचं काउबॉइजनी जाहीर करून टाकलं होतं, मात्र करारातल्या एका कलमावरून बिनसलं आणि तो डेन्व्हरला गेला. या दिवसांत नामांकित पत्रकारांच्या नावाने बनावट खातीही निघतात. मी स्वतः एकदा फसलो आणि चुकीची बातमी सगळ्या मित्रांना पाठवली. तेव्हापासून ॲडम शेफ्टर किंवा इयन रॅपोपोर्ट यांच्या मूळ खात्यावर जाऊन बघितल्याशिवाय पुढे पाठवत नाही. आकड्यांसाठी स्पॉट्रॅक आणि ओव्हर द कॅप ही दोन संकेतस्थळं वापरा. पूर्ण तपशील सहीनंतर काही दिवसांनी येतो, तेवढी कळ काढा.

तुमचा पहिला मार्च

बत्तीस संघांच्या मागे लागू नका. एक संघ धरा. फेब्रुवारीत त्याच्या करार संपणाऱ्या खेळाडूंची यादी काढा, कॅपमध्ये किती जागा आहे ते बघा आणि कुणाला ठेवायला हवं ते स्वतः ठरवा. मग सोमवार येऊ द्या. प्रत्येक नव्या खेळाडूपुढे तीन गोष्टी लिहा: पक्की हमी, पहिल्या वर्षीचा बोजा, आणि किती वर्षांनी संघ फार नुकसान न होता बाहेर पडू शकतो. तिसरा रकाना भरताना सुरुवातीला चुकेल, चुकू द्या.

आपल्या संघाने भाराभर नावं गमावली आणि नवं कोणी घेतलं नाही म्हणून लगेच चिडूही नका. करार संपून गेलेल्यांच्या बदल्यात, जेवढे गमावले त्याहून कमी घेतले असतील, तर लीग पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईचे पिक देते. काढून टाकलेले खेळाडू त्या हिशोबात येत नाहीत. त्यामुळे शहाणे संघ मार्चमध्ये दुसऱ्याने काढलेल्यांना घेतात आणि बाकीच्यांसाठी ड्राफ्ट उरकेपर्यंत थांबतात, कारण त्यानंतर घेतलेले हिशोबात धरले जात नाहीत. तेव्हा मे महिन्यात ती वही पुन्हा उघडा. चांगले खेळाडू तेव्हाही मोकळे असतात आणि पहिल्या सोमवारपेक्षा पुष्कळ कमी पैशांत येतात.